नवोद्योग : स्वतः काढावा की दुसऱ्याच्यात सामील व्हावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित केलेल्या युवक मेळाव्यातील भाषण)



 संयोजकांनी मला विषय दिला, 'तरुणांनी स्टार्टअपकडे वळावे काय?' या प्रश्नाला सरसकट होय किंवा नाही असे उत्तर देणारा माणूस एक तर वक्ता असेल किंवा विक्रेता. मी चाळीस वर्षे लोकांच्या हिशोबाच्या वह्या तपासत आलो. तेव्हा या विषयाकडे मी वहीच्याच बाजूने पाहणार आहे.

गेल्या वर्षी आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एक अर्ज आला. अर्जदार आपल्याच वसतिगृहात राहून अभियंता झालेला, पुण्यात एका मोठ्या संगणक कंपनीत नोकरीस असलेला तरुण. नाव अर्थातच सांगत नाही. त्याला दरमहा बासष्ट हजार रुपये हाती पडत. ट्रस्टच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीपैकी दोन लाख सत्तर हजार रुपये त्याच्याकडून येणे होते आणि नऊ हजारांचा हप्ता तो नियमाने भरत होता. अर्जात त्याने लिहिले होते की, दोन मित्रांनी सुरू केलेल्या कंपनीत तो जाऊ इच्छितो. तेथे पगार छत्तीस हजार मिळेल, शिवाय कंपनीचे अर्धा टक्का भाग मिळतील. तरी अठरा महिने हप्ते स्थगित करावेत.

अठरा महिन्यांचे नऊ हजार म्हणजे एक लाख बासष्ट हजार. आपल्या निधीला व्याज नाही. आलेला हप्ता पुढच्या विद्यार्थ्याच्या शुल्कात जातो. म्हणजे एकाच्या धाडसाची किंमत अकरावी-बारावीत शिकणाऱ्या, त्याने कधी न पाहिलेल्या दुसऱ्या कोणा मुलाने वा मुलीने द्यायची, असा तो प्रश्न होता. समितीत आम्ही पाच जण. दोघे म्हणाले, मुलांनी पुढे जावे यासाठीच ट्रस्ट आहे, मान्य करा. दोघे म्हणाले, नियम म्हणजे नियम. पाचवा मी होतो आणि मी निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. त्याचे कारण माझ्याच आयुष्यात आहे. ते व्यासपीठावरून मी प्रथमच सांगत आहे.

१९८७ साली मी एका मित्राबरोबर भागीदारीत यंत्रांच्या सुट्या भागांचा लहानसा कारखाना काढला. तो यंत्रे जाणणारा, मी हिशोब जाणणारा. वडिलांनी राहते घर बँकेला तारण दिले. त्यांना मी कागद समजावून सांगितला नाही, आणि 'कुठे सही करू?' याखेरीज त्यांनी काही विचारले नाही. पहिल्याच वर्षी कामाची रीघ लागली. आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एक नामांकित कारखाना होता. ते माल घेत, मालाची तारीफ करीत आणि पैसे सहा-सहा महिन्यांनी देत. आम्ही जितका अधिक माल पुरवीत गेलो तितकी उधारी वाढत गेली. कामगारांचा पगार मात्र दर सात तारखेला आणि बँकेचे व्याज रविवारीही चालूच. पुस्तकात नफा होता, गल्ल्यात काही नव्हते. दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणाऱ्या मला हे स्वतःच्या दारात दिसले नाही! १९९० मध्ये कारखाना बंद झाला. कर्ज १९९७ पर्यंत फेडले. त्या सात वर्षांत आईच्या हातच्या पाटल्या गेल्या आणि वडील सत्तरी उलटेपर्यंत दुकानाच्या गादीवर बसत राहिले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

म्हणूनच तो अर्ज हाती आला तेव्हा माझा पहिला विचार 'नाही' असाच होता. पण आपले दुःख हा दुसऱ्याला नाही म्हणण्याचा पुरेसा आधार नव्हे. मी त्या तरुणाला घरी बोलावले.

त्याच्याशी काय बोललो ते सांगण्यापूर्वी नवोद्योग म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट करतो. कारण आपल्याकडे हल्ली नव्या बेकरीलाही स्टार्टअप म्हणतात. किराणा दुकान नवे असले तरी गिऱ्हाईक कोण, माल कोणता, नफा किती, हे आजूबाजूच्या दहा दुकानांवरून कळते. नवोद्योगात नेमके हेच ठाऊक नसते. ही वस्तू कोणाला हवी आहे का आणि तो तिचे पैसे देईल का, याचा शोध दुसऱ्याच्या भांडवलावर चाललेला असतो आणि भांडवल संपण्यापूर्वी उत्तर सापडावे लागते. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केली आणि जानेवारी २०२५ पर्यंत दीड लाखाहून अधिक उद्योगांना मान्यता दिली. ही मान्यता म्हणजे उद्योग चांगला असल्याचे प्रमाणपत्र नव्हे, ती एक नोंदणी आहे. बंगळूरच्या बायजूज या शिक्षण कंपनीचे मोल २०२२ साली दोन हजार दोनशे कोटी डॉलर ठरविले गेले होते. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, तीही क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे एकशे अठ्ठावन्न कोटी रुपयांच्या थकबाकीपायी. कागदावरचे मोल आणि तिजोरीतला पैसा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्यांना मी निराळे सांगायला नको.

मग अशा वाटेला जावेच कशाला? जावे, कारण ज्यांचा आपण अभिमान बाळगतो ती माणसे याच वाटेने गेली. सोलापूरच्या आपल्या शेठ वालचंद हिराचंद यांचेच पाहा. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे. घरी कापसाचा व सावकारीचा जम बसलेला व्यवसाय होता. त्यात मन न रमल्याने १९०३ च्या सुमारास ते रेल्वेच्या बांधकाम कंत्राटात शिरले. परंतु एकटे नव्हे. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदार झालेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून प्रारंभ केला. एकाला कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल व पत. पुढे १९१९ साली सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा वालचंदशेठ छत्तीस वर्षांचे होते आणि कंत्राटांच्या व्यवहारात पंधरा-सोळा वर्षे मुरलेले होते. ५ एप्रिलचा तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. आपण व्याख्यानांतून बोटीची गोष्ट सांगतो, त्याआधीच्या मातीकामाची आणि खडीची सांगत नाही. ती पंधरा वर्षे नसती तर परकीय बोट कंपन्यांनी भाडी पाडून जी स्पर्धा मांडली तिच्यापुढे टिकाव लागता ना!

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. नोकरीत असतानाच ते सायकली घेऊन बेळगावला पाठवीत आणि बंधू रामूअण्णा त्या तेथे विकत. अन्याय झाला म्हणून नोकरी सोडली तेव्हा पाय टेकायला जागा आधीच तयार होती. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज! पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. वस्तू उत्तम, कारागीर उत्तम आणि गिऱ्हाईक दोन वर्षे नाही. ही दोन वर्षे कशावर काढणार, हाच नवोद्योगाचा खरा प्रश्न आहे. त्यांच्या कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रेही होत. नांगर रुजेपर्यंत दुसरे काही विकण्याजोगे हाताशी असणे किती मोलाचे, हे मला कारखाना बुडाल्यावर कळले.

१९१० साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे लक्ष्मणरावांच्या बरोबरीने शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसे राबली. कारखान्याच्या इतिहासात त्यांची नावे संस्थापकाच्या नावाशेजारी येतात. त्यांनी कंपनी काढली नव्हती, ते सामील झाले होते. आपल्या समाजात 'दुसऱ्याच्या पेढीवर' हा शब्द जरा खालच्या आवाजात उच्चारला जातो. पण पूर्वी शहाणे व्यापारी आपल्या मुलाला दोन-तीन वर्षे मुद्दाम परक्या पेढीवर ठेवीत. तेथे तो वही लिहायला शिके, माणूस ओळखायला शिके आणि त्याच्या चुकांचा भुर्दंड बापाच्या तिजोरीवर पडत नसे. ज्याला पुढे स्वतःचे काही काढायचे आहे त्याने आधी दुसऱ्याच्या लहान कंपनीत राबावे, असे माझे मत आहे. नारायण मूर्तींचीही पहिली कंपनी चालली नाही. ते पाटणी कॉम्प्युटरमध्ये नोकरीस लागले आणि तेथेच भेटलेल्या सहकाऱ्यांसह १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. दहा हजार रुपये सुधाताईंनी दिले, हे सर्वज्ञात आहे. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तीन वर्षे घर चालविण्याची जबाबदारी त्यांनी आपल्या नोकरीवर घेतली. आकडा ठरलेला, मुदत ठरलेली आणि घर चालविणारी व्यक्ती ठरलेली. आमच्या १९८७ च्या कारखान्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट ठरलेली नव्हती.

तर तो तरुण घरी आला. मी त्याला कंपनीची कल्पना विचारली नाही. ती मला समजलीही नसती. मी विचारले, "अर्धा टक्का म्हणजे किती भाग? एकूण भाग किती?" म्हणाला, "काका, पाच हजार भाग देणार आहेत. एकूण किती ते विचारले नाही." मी विचारले, भाग हाती कधी पडणार? ठाऊक नाही. मध्येच सोडलेस तर? ठाऊक नाही. कंपनीच्या खात्यात आज किती महिन्यांचा पगार शिल्लक आहे? तेही ठाऊक नाही. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेला, साडी घेताना आईला तीन दुकाने फिरविणाऱ्या घरातला मुलगा!

येथे युवकांनी थोडे लक्ष द्यावे. नवोद्योगात भाग देतात म्हणजे बहुधा भाग विकत घेण्याचा हक्क देतात. कायद्याप्रमाणे असा हक्क दिल्यापासून तो वापरता येण्यास किमान एक वर्ष जावे लागते. पुष्कळ कंपन्यांत तो चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पदरात पडतो. हक्क वापरताना ठरलेली रक्कम भरावी लागते आणि त्या दिवशीचे मोल व भरलेली रक्कम यांतील फरक पगारासारखा करपात्र होतो. म्हणजे भाग विकून एक रुपयाही हाती आलेला नसताना प्राप्तिकर लागू शकतो. काही विशिष्ट नवोद्योगांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे. आपली कंपनी त्यांत आहे का, हे विचारून घ्यावे. दुसरे असे की, मोठ्या गुंतवणूकदारांनी करारात बहुतेक वेळा 'आधी आमचे पैसे' असे कलम घातलेले असते. समजा, कंपनीत गुंतवणूकदारांचे वीस कोटी आहेत आणि ती पंधरा कोटींना विकली गेली, तर पंधराच्या पंधरा कोटी त्यांच्याकडे जातात. अर्धा टक्का मग शून्याचा. वृत्तपत्रात मथळा मात्र 'कंपनी पंधरा कोटींना विकली' असाच येतो.

भविष्य निर्वाह निधी वीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस सक्तीचा आहे. त्याच्या नव्या कंपनीत माणसे अकरा होती. त्याच्या वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांचा वैद्यकीय विमा जुन्या नोकरीच्या सामूहिक योजनेतून होता. राजीनाम्याबरोबर तोही जाणार, हे त्याच्या ध्यानीच आले नव्हते. पूर्वीपासून असलेल्या आजाराला स्वतंत्र विम्यात प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून तो विमा राजीनाम्याच्या आधी उतरविणे शहाणपणाचे.

जे स्वतः उद्योग काढू इच्छितात त्यांच्यासाठी मी दोनच गोष्टींवर जोर देईन. पहिली सहीची. १९३२ च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार पेढीच्या सगळ्या देण्याला आपल्या खासगी मिळकतीसह बांधलेला असतो. २००९ पासून मर्यादित दायित्वाची भागीदारी उपलब्ध आहे, खासगी मर्यादित कंपनी तर आहेच. पण बँकेसाठी वैयक्तिक हमीवर सही केली की ती मर्यादा आपल्याच हाताने पुसली जाते. कंपनीची दिवाळखोरी मार्गी लागली तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वडिलांची सही घेणार असाल, तर त्यांना कागद वाचून दाखवा. संपूर्ण वाचून दाखवा.

दुसरी उधारीची. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीबाहेर थकविलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्यानंतरच मिळते. आमच्या वेळी असे काही नव्हते. तरीही केवळ कायद्यावर विसंबू नका. एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून अधिक धंदा अवलंबून असेल, तर तुम्ही मालक नसून त्याचे पगार न मिळणारे नोकर आहात. हे वाक्य कडू वाटेल, पण मी ते सात वर्षांच्या हप्त्यांत विकत घेतले आहे.

त्या तरुणाला मी प्रश्नांची यादी दिली आणि उत्तरे लेखी आणायला सांगितले. शिवाय नाममात्र शुल्क भरून कंपनी निबंधकांकडे दाखल असलेले तिचे ताळेबंद कोणालाही पाहता येतात, तेही पाहा म्हटले. तो जरा नाराज झाला. मित्रांना असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, मित्र आहेत म्हणूनच आधी विचार. पुढे विचारण्याची वेळ आली, तर मैत्री उरलेली नसेल.

तीन आठवड्यांनी तो परत आला. एकूण भाग वीस लाख निघाले. म्हणजे पाच हजार भागांचा वाटा अर्धा नव्हे, पाव टक्का होता. मित्रांनी फसविले नव्हते, त्यांनी स्वतःच हिशोब केला नव्हता. त्यांनी चूक कबूल करून दहा हजार भागांचे पत्र दिले आणि पगार बेचाळीस हजार केला. खात्यात चौदा महिन्यांचे पैसे होते. ताळेबंद बरा होता, फार बरा नव्हता. मग आम्ही त्याच्या घरची वही मांडली. पुण्यातले भाडे, आईवडिलांना पाठवायची रक्कम, विमा, ट्रस्टचा हप्ता. बेचाळीस हजारांत ते कसेबसे बसत होते. नऊ हजारांचा हप्ता बसत नव्हता.

त्याने निर्णय घेतला तो असा. चार महिने जुनी नोकरी करून सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायचा, वडिलांचा विमा उतरवायचा आणि मगच जायचे. नवी कंपनी बंद पडो वा चालो, दोन वर्षांनी थांबून पुन्हा वही मांडायची. ती तारीख त्याने वडिलांना लिहून दिली. हप्त्याविषयी त्याने स्थगिती मागणे सोडले आणि निम्मा हप्ता एक वर्षासाठी मागितला. उरलेला निम्मा शिक्षिका असलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने आपल्या पगारातून भरण्याचे मान्य केले. 'माझेही शिक्षण याच ट्रस्टने केले,' एवढेच तिने अर्जावर लिहिले होते. म्हणजे निधीचा एक रुपयाही अडला नाही. समितीत मी अनुकूल मत दिले. नियम म्हणजे नियम म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाने अखेरपर्यंत विरोध नोंदविला आणि त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. पुढे असा अर्ज आला आणि त्या घरी अशी बहीण नसली तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न अजून उभा आहे. विश्वस्तांनी सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यावर विचार करावा, अशी माझी या व्यासपीठावरून विनंती आहे.

तो तरुण गेल्या चैत्रात नव्या कंपनीत रुजू झाला. ती चालेल की नाही हे मला ठाऊक नाही, त्यालाही नाही. साडेचार-साडेचार हजारांचे दोन भरणे, एक पुण्याहून आणि एक बहिणीच्या गावाहून, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत आपल्या खात्यात जमा होतात. परवा कार्यालयात मी नोंद पाहिली. याही महिन्याचे आले आहेत.